संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन आणि क्वेकर स्त्रियांची आत्मवृत्ते

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश मानला व स्त्रीलाही उपासनासभेत बोलण्याचा अधिकार दिला. त्यातून स्त्रियांच्या धार्मिक रोजनिश्या व आत्मवृत्ते निर्माण झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत गेलेल्या एलिझाबेथ ॲशब्रिज (१७१३-१७५५) यांच्या आत्मवृत्तात पतीचा तीव्र विरोध व पुढे त्याचे मनःपरिवर्तन येते. संत बहिणाबाईंच्या (१६२८-१७००) आत्मनिवेदनपर अभंगांतही हाच क्रम आढळतो : तुकोबांचा ध्यास, ब्राह्मण पतीकडून मारहाण, त्याचे आजारपण आणि अखेर पालट.

तथापि हे साम्य मर्यादित आहे. ॲशब्रिज यांना पंथाने धर्मोपदेशक म्हणून मान्यता दिली. बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश प्रथम स्वप्नात लाभला. म्हणूनच त्यांच्या पतिव्रताधर्मपर अभंगांना केवळ शरणागती म्हणणे अपुरे ठरते. संसार न सोडता भक्तीचा हक्क राखण्याची ती वाट होती. मात्र तिची किंमत मारहाणीच्या वर्णनात नोंदलेली आहे. ती वगळून केलेला समन्वयाचा गौरवही एकांगीच होय. स्त्रीच्या आत्मवृत्ताचे मूल्यमापन करताना तिने काय सांगितले याबरोबरच तिचे ऐकून घेणारे कोण होते, हेही तपासले पाहिजे.