‘हंटरवाली’ (१९३५) : मुखवट्याआडचा न्याय आणि रयतेचे स्थान

प्रस्तावना :

अन्यायाविरुद्ध लढणारा मुखवटाधारी वीर ही लोकमानसाला सतत भुरळ घालणारी कल्पना आहे. अमेरिकन लेखक जॉन्स्टन मॅककली यांच्या १९१९ मधील कथेतून झोरो हा नायक पुढे आला आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) या मूकपटाने त्याला जगभर पोहोचविले. मुंबईचे जे. बी. एच. वाडिया यांच्यावर फेअरबँक्स यांच्या साहसपटांचा मोठा प्रभाव होता. १९३३ साली त्यांनी बंधू होमी वाडिया यांच्यासह ‘वाडिया मूव्हीटोन’ ही संस्था उभारली. या संस्थेच्या परळ येथील स्टुडिओच्या जागीच पुढे व्ही. शांताराम यांचे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले. होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ हा हिंदी बोलपट १९३५ साली प्रदर्शित झाला. कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे नायक मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमुळे परिचित आहेत. तथापि, येथे मुखवटा एका स्त्रीने धारण केला आहे, हे या चित्रपटाचे वेगळेपण होय. मुखवट्याआडून मिळणारा न्याय नेमका कोणाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानकाचे स्वरूप :

दुष्ट वजीर रणमल राजाला कैदेत टाकतो आणि राजकन्या माधुरीशी विवाह करण्याची मनीषा बाळगतो. तेव्हा माधुरी मुखवटा व चाबूक धारण करून ‘हंटरवाली’ बनते आणि गरिबांची रक्षणकर्ती म्हणून वावरते. ही भूमिका नादिया या अभिनेत्रीने केली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ साली जन्मलेल्या नादियाचे मूळ नाव मेरी इव्हान्स असे होते. राजसत्तेकडून पूर्वी अन्याय झालेल्या घरातील जसवंत हा कथेचा नायक असून ती भूमिका बोमन श्रॉफ यांनी केली आहे. घोडदौड, उड्या, तलवारबाजी ही चित्रपटाची मुख्य आकर्षणे होत. ती पाहण्यासाठी प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली आणि नादिया एकाच चित्रपटाने लोकप्रिय झाली.

मुखवटा आणि स्त्रीत्व :

झोरोच्या कथेतील डिएगो हा जमीनदारपुत्र दिवसा दुबळेपणाचे सोंग घेतो. कोणाला आपला संशय येऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. स्त्रीला मात्र अशा सोंगाची गरजच भासत नाही, कारण समाजाने तिला आधीच दुबळी ठरविलेले असते. त्यामुळे मुखवट्याचा अर्थच येथे उलटा होतो. पुरुषाच्या बाबतीत मुखवटा त्याची ओळख लपवितो. माधुरीच्या बाबतीत तो तिची दडपलेली शक्ती प्रकट करतो. राजकन्या म्हणून जे करण्याची तिला मुभा नाही, ते हंटरवाली म्हणून ती सहज करते. स्त्रीच्या पराक्रमासाठी चेहरा झाकावा लागतो, ही या चित्रपटाची ताकद आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे.

न्यायाची मर्यादा :

मुखवटाधारी वीराच्या कथेत सामान्य माणसाला सहसा दोनच भूमिका मिळतात : अन्याय सोसणारा आणि वीराच्या विजयाने आनंदित होणारा. ‘हंटरवाली’ही याला अपवाद नाही. रयत संघटित होत नाही, प्रश्न विचारत नाही. तिची सुटका बाहेरून येते. या संदर्भात जसवंतचा एक प्रसंग लक्षणीय आहे. हंटरवालीने आपला घोडा पळविल्याचा राग मनात धरून तो तिला पकडतो आणि बक्षिसाच्या आशेने रणमलच्या स्वाधीन करावयास नेतो. सत्तेने ज्याच्यावर अन्याय केला, तोच आपल्या रक्षणकर्तीला सत्तेच्या हाती देऊ पाहतो. पटकथेत हा प्रसंग रंजनासाठी आला असला, तरी एक सत्य त्यातून उघड होते. ज्याचा चेहरा ठाऊक नाही त्याच्याशी लोकांचे नाते विश्वासाचे राहत नाही, केवळ कुतूहलाचे राहते. शेवटी माधुरी व जसवंत मिळून रणमलचा पाडाव करतात. दुष्ट वजीर जातो, पण ज्या राजसत्तेने जसवंतच्या घरावर अन्याय केला ती तशीच राहते.

मराठवाड्याच्या संदर्भात :

‘हंटरवाली’ प्रदर्शित झाला तेव्हा मुखेडसह संपूर्ण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे राजा, वजीर आणि रयत हे शब्द या भागात केवळ पडद्यावरचे नव्हते, ते रोजच्या जगण्यातले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३८ साली, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ यांनी कारावास पत्करला. सत्याग्रही उघड्या चेहऱ्याने, स्वतःचे नाव सांगून अटक करवून घेतो. मुखवट्याच्या कल्पनेच्या तो अगदी दुसऱ्या टोकाला उभा असतो. पुढील सशस्त्र टप्प्यात सीमेवरील छावण्या आल्या, भूमिगत राहणे आले आणि जानेवारी १९४८ मधील उमरी येथील बँकेवरची कारवाईही आली. तथापि, तेथील लपणे एकट्या वीराचे नव्हते. लपलेल्या कार्यकर्त्याला भाकर देणारी, निरोप पोहोचविणारी माणसे गावोगावी होती. त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थानात केवळ वजीर बदलला नाही, तर निजामाची राजवट संपली. पडद्यावरील न्याय आणि इतिहासातील न्याय यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१. ‘हंटरवाली’ने मुखवटाधारी वीराच्या परदेशी प्रतिमेला भारतीय राजकथेची चौकट दिली आणि त्या जागी स्त्रीला बसविले. १९३५ च्या काळात ही मोठी झेप होती.

२. चित्रपट जुलमी व्यक्तीला शिक्षा करतो, परंतु जुलमी व्यवस्थेला हात लावत नाही. रयत अखेरपर्यंत प्रेक्षकच राहते.

३. या नायिकेचे नाव बोलीभाषेत रुळले, मात्र त्याचा अर्थ बदलला. कडक शिस्तीच्या शिक्षिकेला किंवा महिला अधिकाऱ्याला आजही टोमणा म्हणून ‘हंटरवाली’ म्हटले जाते. रक्षणकर्तीचे नाव हेटाळणीचे व्हावे, ही बाब चित्रपटापेक्षा समाजाविषयी अधिक सांगते. मुखवटा घातलेल्या स्त्रीच्या पराक्रमाला टाळ्या वाजविणारा समाज उघड्या चेहऱ्याने अधिकार गाजविणाऱ्या स्त्रीला अजून सहज स्वीकारत नाही. म्हणूनच या चित्रपटाचा पुनर्विचार आजही आवश्यक ठरतो.