दशमांश : मलाखीचे एक वचन आणि टिळकांचे घर

मलाखीच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आमच्या मंडळ्यांत वर्षातून एकदा तरी उघडला जातो, आणि तो बहुधा वर्षअखेरीस जमाखर्चाचा मेळ बसत नाही तेव्हा. दहाव्या वचनातील भांडार, आकाशाची कपाटे आणि आशीर्वादाची वृष्टी यांवर अर्धा तास प्रवचन होते. मग लिफाफे वाटले जातात. प्रस्तुत लेखकानेही असे प्रवचन अनेकदा केले आहे. त्यामुळे पुढील टीका मुख्यतः स्वतःवरच आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

गेल्या पावसाळ्यात वडोदऱ्याच्या नागरवाड्यातील एका मराठी कुटुंबात प्रार्थनासभा होती. सभा संपल्यावर चहाच्या वेळी एका तरुण उपदेशकाने प्रश्न केला, “पाळकसाहेब, दशमांश काढायचा तो ठरलेल्या पगारावर, की हातात पडतो त्यावर? ठरलेला आहे, पण चार महिन्यांत हातात एकदाच पडला.” घरातील मंडळी हसली. तो हसला नाही. त्याच आठवड्यात त्याला त्याच्या मंडळीत मलाखीवर बोलायचे होते. त्या प्रश्नाने मला शास्त्र पुन्हा उघडावयास लावले.

दहाव्या वचनाच्या आधी पाचवे वचन येते, ही गोष्ट उघड असूनही आमच्या लक्षात राहत नाही. तेथे परमेश्वर न्यायासाठी जवळ येतो तो कोणाविरुद्ध? जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच पंक्तीला मोलकऱ्याची मजुरी अडकवून ठेवणारे, विधवा व अनाथ यांना गांजणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. म्हणजे जी मंडळी आपल्या उपदेशकाचा पगार चार महिने थकविते आणि त्याच्याच तोंडून दहावे वचन वदवून घेते, तिला हा अध्याय पाचव्या वचनावरच अडवितो. पहिल्या अध्यायात तर याजकांचीच झडती आहे. आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर चालवून घेणारे तेच होते. मलाखी लोकांना दोष देतो, परंतु आधी व्यासपीठाला देतो.

नहेम्याच्या तेराव्या अध्यायात जवळपास त्याच काळचे चित्र आहे. लेव्यांचे वाटे पोहोचले नाहीत, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर परतले. नहेम्या काय करतो? तो प्रथम अधिकाऱ्यांना धारेवर धरतो, लेव्यांना परत आणून त्यांच्या जागी उभे करतो, आणि मग यहूदा धान्याचा दशमांश भांडारात आणतो. त्यानंतर वाटणीसाठी तो विश्वासू गणलेली माणसे नेमतो. हा क्रम आमच्या प्रवचनांत उलटा होतो, आणि शेवटची पायरी, विश्वासू कारभाऱ्यांची, कित्येकदा गळूनच जाते.

नियमशास्त्रातील दशमांशही आम्ही समजतो तितका एकसुरी नाही. गणनेच्या अठराव्या अध्यायात तो लेव्यांचा हक्क आहे, कारण त्यांना जमिनीचा वतनभाग नाही. आणि लेव्यांनी मिळालेल्या दशमांशाचाही दशमांश द्यावयाचा आहे. अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या महार-मांग पूर्वजांना हा विचार परका वाटला नसता. बलुतेदार खळ्यावर आपला वाटा घेण्यास उभा राही तो भिकारी म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून. बलुत्यामागे जातीचा जुलूम होता, तो लेव्यांच्या व्यवस्थेत नाही, हे मान्य; तरी ‘हक्क’ हा शब्द दोन्हीकडे आहे आणि आमच्या लिफाफ्यावर तो नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर वेगळीच गोष्ट आहे. तेथे देणारा स्वतः आपल्या घराण्यासह परमेश्वरासमोर तो दशमांश खातो आणि आनंद करतो. वाट लांबची असेल तर तो विकून पैसा गाठीस बांधावा आणि त्या स्थळी हवे ते विकत घ्यावे, अशीही मुभा आहे. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावाच्या वेशीत साठवावयाचा आणि लेवी, परका, अनाथ व विधवा यांनी पोटभर जेवावयाचे. या अध्यायावरचे प्रवचन मी माझ्या आयुष्यात एकदाही ऐकलेले नाही. ते का, याचे उत्तर कठीण नाही. त्यातून मंडळीच्या खर्चाला काही उरत नाही.

लेवीयच्या सत्ताविसाव्या अध्यायातील एक बारकावाही पाहण्याजोगा आहे. काठीखालून जाणाऱ्या गुराढोरांपैकी दहावे परमेश्वराचे. शब्दशः वाचल्यास ज्याच्याजवळ नऊच मेंढरे आहेत, त्याची पाळी येतच नाही. गरिबाला गणितच सोडून देते. आम्ही मात्र शंभर रुपयांतून दहा आणि लाखातून दहा हजार यांना एकच तराजू लावतो आणि त्याला समता म्हणतो.

नव्या करारात येशूने दशमांशाचा निषेध केला नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देणाऱ्या परूश्यांना त्याने जे सांगितले, त्यात ते न सोडता न्याय, दया व विश्वास पाळावयास हवे होते, असा आशय आहे. दशमांशाचे समर्थक येथे थांबतात, आणि तितपत त्यांचे बरोबरही आहे. परंतु त्याने आपल्या शिष्यांस दशमांशाचा नियम घालून दिल्याचे एकही स्थळ दाखविता येत नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा दहावा हिस्सा मागणे त्याला सर्वांत सोपे होते. तो यहूदी होता, पाठांतर पक्के होते. त्याने ते केले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत माप आहे ते ऐपतीचे, मनातल्या निश्चयाचे आणि परस्परांतील बरोबरीचे. शिवाय एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी बोट ठेवू नये म्हणून तो मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतो. प्रेषिताला जे जोखमीचे वाटले, ते आमच्या पंचांना सहसा वाटत नाही.

आरंभीच्या मंडळीचे ‘दिदाखे’ हे छोटे पुस्तक या बाबतीत फार रोखठोक आहे. संदेष्ट्याला प्रथमफळे द्या, असे ते सांगते. संदेष्टा नसेल तर गरिबांना द्या. आणि जो संदेष्टा आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागतो तो खोटा, असेही सांगते. पुढे ५८५ साली माकोंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराचा धाक घातला, ७७९ साली शार्लमेनने त्याला राजाज्ञेचे बळ दिले, आणि देणगीचा कर झाला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने १७८९ साली तो मोडला, इंग्लंडात १८३६ साली त्याचे पैशांत रूपांतर झाले. हा इतिहास आपल्याला फारसा शिकवीत नाही. एवढेच दिसते की ज्या देशांतून आपल्याकडे मिशनरी आले त्यांनीही दशमांशाचे कडू फळ चाखले होते.

वडोदऱ्याच्या बहुसंख्य प्रोटेस्टंट मंडळ्या मेथडिस्ट परंपरेतल्या, म्हणून जॉन वेस्लीचे एक उदाहरण देतो. ऑक्सफर्डमधील त्याचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न ३० पौंड होते. त्याने २८ पौंडांत भागविले आणि दोन दिले. पुढल्या वर्षी ६० मिळाले. तो २८ वरच राहिला आणि ३२ दिले. आता दशमांशाच्या पट्टीने मोजा. पहिल्या वर्षी वेस्ली थकबाकीदार ठरतो! दुसऱ्या वर्षी तो निम्म्याहून अधिक देतो, पण दशमांशवाल्या खतावणीत त्याच्या नावासमोर ‘पूर्ण’ एवढीच नोंद होईल. पट्टीला दोन्ही वर्षे कळली नाहीत.

आपल्या मराठी मंडळीत या विषयावरचे सर्वांत सखोल पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर मी एखाद्या ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथाचे नाव घेणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे घेईन. ते १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. वाङ्मय म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पाळकांनी मात्र ते दानधर्माचे पुस्तक म्हणून वाचलेले दिसत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात सढळ, किंबहुना मोकाट. घरात आहे ते देऊन टाकणे, दारी आलेल्याला आत घेणे, निराधार मुलांना कुटुंबात सामावून घेणे हा त्यांचा स्वभाव. आणि उद्याची चूल कशी पेटवावी हा लक्ष्मीबाईंचा रोजचा प्रश्न. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. वाचणारा हसतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की या हसण्याच्या खाली एका स्त्रीची किती दमछाक आहे. दानाचे श्रेय एकाचे आणि ओझे दुसऱ्याचे, ही गोष्ट कोणत्याही प्रवचनाहून येथे स्पष्ट दिसते. टिळकांचे औदार्य मोठे होते, यात मला शंका नाही. परंतु ते लक्ष्मीबाईंच्याही मालकीचे होते, आणि त्यांना विचारून झालेले नव्हते. आमच्या मंडळ्यांत नवऱ्याने सभेत जाहीर केलेल्या देणगीची भरपाई बायको किराण्यातून करते, त्या घरांकडे पाहण्याची दृष्टी हे पुस्तक देते.

याच टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र येणार होते. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, दरबार फार टिकला नाही, आणि त्यावरून ‘कवीचे स्वप्न’ म्हणून तो निकालात काढण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. ज्या मंडळीचा पाळक परदेशी पैशावर पोसला जातो ती देणारी मंडळी कशी होणार, हा दरबारामागचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर टिळकांनी स्वतःचा पगार सोडून दिले. दुसऱ्याला लिफाफा देऊन दिले नाही.

हा प्रश्न आज निराळ्या वाटेने परत आला आहे. विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि बाहेरून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीकडे वळविण्यास मनाई झाली. बाहेरचा ओघ आटला की दशमांशावरील प्रवचनांना जोर चढतो, हे स्वाभाविक आहे; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गरज आहे, ती सांगावी. परंतु गरज सांगणे आणि आशीर्वादाचा सौदा मांडणे यांत अंतर आहे. दहा द्या म्हणजे शंभर मिळतील, असे सांगणारा उपदेशक मलाखी सांगत नाही. तो सट्टा सांगतो. वडोदऱ्यात तरी हे कळावयास हरकत नाही. येथे सयाजीराव महाराजांनी श्रावणमासातील दक्षिणेला परीक्षेची जोड दिली, तेव्हा घेणाऱ्याची पात्रता हाही धर्माचा प्रश्न आहे हे या शहराला समजले होते. आमच्याकडे परीक्षा नेहमी देणाऱ्याचीच होते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी पाळक असताना, मी वर्षाच्या शेवटच्या उपासनेत देणाऱ्यांची नावे व रकमा वाचून दाखविण्याची प्रथा सुरू केली. वर्गणी वाढली, पंचांनी अभिनंदन केले. यादीच्या तळाशी एका विधवेचे नाव असे. तिसऱ्या वर्षी ते यादीत नव्हते, आणि बाईही उपासनेस येईनाशी झाली. मी भेटावयास गेलो तेव्हा तिने पाणी दिले, विचारपूस केली, आणि कारण सांगितले नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायातील दोन टोल्या टाकणारी विधवा मी त्यानंतर निराळी वाचू लागलो. त्या गोष्टीच्या लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, विधवांची घरे गिळंकृत करणारे शास्त्री आहेत. गोष्टीच्या लगेच नंतर, ज्या मंदिराच्या भांडारात तिने आपली उपजीविका टाकली त्याचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही, असे भाकीत आहे. येशूने तिची थोरवी सांगितली. भांडाराची सांगितलेली नाही, आणि ‘तुम्हीही असेच करा’ असे शिष्यांना म्हटलेले नाही. शिवाय तिने किती टाकले हे त्याने शिष्यांना बाजूस बोलावून सांगितले. भांडारासमोर पुकारा केला नाही.

नागरवाड्यातील त्या तरुणाच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ठरलेला पगार की हातात पडलेला, याचा निवाडा करण्याआधी त्याचा पगार का पडत नाही याचा निवाडा व्हावा, एवढेच म्हणालो, आणि पंचांच्या अध्यक्षांना पत्र लिहिण्याचे कबूल केले, ते लिहिले. मग घरच्या यजमानांकडून पवित्र शास्त्र मागून घेतले आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायातील बाविसाव्या वचनापासून शेवटपर्यंत त्याला वाचावयास लावले. त्याने सावकाश वाचले, बोट पानावर तसेच ठेवले आणि विचारले, “पाळकसाहेब, रविवारी मलाखीच्या ऐवजी हे वाचले तर चालेल का? पंच काही म्हणणार नाहीत ना?”