रस्किनचा धोंडा आणि माझी पेटी

चित्रकला शिकूं इच्छिणाऱ्या नवख्या माणसापुढें प्रथम कोणती वस्तु ठेवावी? जॉन रस्किन यानें १८५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ या पुस्तकांत या प्रश्नाचें दिलेलें उत्तर मोठें मौजेचें आहे. छटा भरण्याचे वगैरे आरंभींचे पाठ आटोपले, कीं अंगणांतून अगर रस्त्यावरून हातीं लागेल तो पहिला वाटोळा धोंडा आणावा आणि तो काढावा. तो साधला म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें त्याचें सांगणें. यथार्थदर्शनाची विद्या मात्र त्यानें प्रस्तावनेंतच जवळजवळ निकालांत काढली आहे. टर्नर हा रॉयल अकॅडमींत या विषयाचा प्राध्यापक असूनहि त्याला तो विषय येत नव्हता, असा दाखलाहि तो देतो. (आमच्या व्यवसायांत ही गोष्ट अगदींच अपूर्व नव्हे.)

रस्किन हा माझा जुना आवडता ग्रंथकार. तेव्हां गेल्या पावसाळ्यांत, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, पेन्सिल हातीं घेतली ती त्याच्याच आज्ञेनें. आठ दिवसांत सात धोंडे काढले, आणि सातहि मला बरे वाटले. खरी मेख येथेंच होती. धोंड्याला कोणताहि आकार शोभतो. कागदावरचा धोंडा टेबलावरच्या धोंड्याशीं न जुळला, तरी जगांतल्या दुसऱ्या एखाद्या धोंड्याशीं तो जुळतोच. शेजारीं गुरु नसलेल्या विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवून देण्याचें सामर्थ्य धोंड्याच्या अंगीं नाहीं.

मग मीं काडेपेटी समोर ठेवली, आणि पुढें पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. वीसएक पेट्या झाल्यावर माझ्या मुलीनें पट्टी घेतली आणि पेट्यांच्या मागें जाणाऱ्या कडा कागदभर वाढवून दाखविल्या. “बाबा, या रेषा पुढें एकमेकींजवळ यावयास हव्यात; तुमच्या तर फांकत चालल्या आहेत!” पाहतों तों खरेंच. माझी प्रत्येक पेटी मागल्या बाजूस रुंदावत गेली होती.

आतां नियम मला ठाऊक नव्हता असें नाहीं. आपल्यापासून दूर जाणाऱ्या समांतर कडा चित्रांत वाढविल्या तर एका लोपबिंदूंत मिळतात; पेटी सपाट जमिनीवर असली तर तो बिंदु क्षितिजरेषेवर, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर पडतो. फ्लॉरेन्स येथें ब्रुनेलेस्कीनें आरशाच्या साह्यानें याचा प्रयोग करून दाखविला आणि १४३५ सालीं आल्बेर्तीनें त्याचें शास्त्र लिहिलें, हेंहि मी वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. माझी चूक अज्ञानाची नव्हती, ज्ञानाची होती. मागची कड पुढच्या कडेएवढीच लांब आहे, झांकण पुरतें काटकोनी आहे, हें मला माहीत होतें, आणि हात डोळ्याचें न ऐकतां त्या माहितीचें ऐकत होता. एका जागेवरून पेटीच्या फार तर तीन बाजू दिसतात; मन मात्र सहाहि बाजूंची वकिली करतें. या विद्येला आपण ‘यथार्थदर्शन’ म्हणतों, पण तींत समान कडा असमान आणि काटकोन तिरके काढावे लागतात. येथें जें यथार्थ असतें तें पेटीचें नव्हे, पाहणाऱ्याच्या जागेचें. तीस वर्षें विद्यार्थ्यांना “पुस्तकांत काय आहे तें पाहा, तुम्हांला काय वाटतें तें मागाहून” असें बजावणाऱ्या मला हा धडा काडेपेटीनें द्यावा, याची लाज वाटली.

कोणी म्हणेल, पहाडी चित्रांतल्या चौथऱ्यांच्या कडा तरी कोठें एकत्र येतात? बहुधा येत नाहींत, आणि तें वैगुण्यहि नव्हे. त्या चित्रकाराला एकाच जागीं खिळून पाहावयाचें नव्हतें. परंतु माझ्या फांकलेल्या पेट्यांना त्या परंपरेचा आश्रय देणें ही शुद्ध लबाडी होईल.

रस्किनच्या तिटकाऱ्याला आधार नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. माझ्या लहानपणीं शाळेंत पेटी समोर न ठेवतांच पेटी शिकविली जाई. कागदाच्या दोन्ही कांठांवर दोन बिंदु द्यावयाचे, पट्टी लावावयाची, आणि मग पुढचा कोपरा होडीच्या टोंकासारखा अंगावर येई. बिंदु इतके जवळ घेतले म्हणजे असें होणारच, हें आम्हांला कोणी सांगितलें नाहीं. आधीं नियम आणि मग दृष्टि, या क्रमावर रस्किनचा राग रास्त आहे. पण १८५९ सालीं त्यानें स्वतःच ‘एलिमेंट्स ऑफ पर्स्पेक्टिव्ह’ लिहिलें, आणि तेंहि यूक्लिडच्या पहिल्या तीन पुस्तकांना जोडून वाचण्यासाठीं! एका पुस्तकांत नुसता डोळा, दुसऱ्यांत नुसती भूमिति. प्रथम डोळ्यानें काढावें आणि मग पट्टीनें तपासावें, ही मधली वाट त्याला साध्या पेटींत सांपडली असती.

माझ्या पेट्यांनीं आतां शंभरी ओलांडली आहे. पेटी कांचेची आहे असें मानून मागच्या न दिसणाऱ्या कडाहि मी काढतों आणि प्रत्येक पेटीनंतर रेषा वाढवून पाहतों. त्या आतां फांकत नाहींत. मात्र सर्वांत मागची उभी कड अजून नीटशी जुळत नाहीं. परवां पुन्हां धोंडा घेतला. प्रथम त्याच्याभोवतीं बेतशीर पेटी आंखली, तेव्हां त्यालाहि एक माथा, एक उजेडाची बाजू व एक सावलीची बाजू असल्याचें दिसलें, आणि तो प्रथमच टेबलावर टेकून बसला. मुलीच्या मतें तो अद्याप बटाट्यासारखा दिसतो. पण टेबलावर ठेवलेल्या बटाट्यासारखा दिसतो, एवढें तीहि कबूल करते.