एकांत कीं सोवळें?

लीळाचरित्राचा ‘एकांक’ या पावसाळ्यांत पुन्हां वाचावयास घेतला, त्याचें कारण वाङ्मयीन नव्हतें. आमची एक जुनी विद्यार्थिनी, आतां नागपुरास संसार करणारी, मध्यंतरीं भंडाऱ्यास येऊन गेली. तिची एक विधवा मावशी साकोलीस एकटी राहते. ती दर चार दिवसांनीं फोन करते आणि आपल्या गुडघ्यांपासून पुतण्यांच्या वागणुकीपर्यंत सगळीं गाऱ्हाणीं सांगत बसते. अलीकडे या विद्यार्थिनीस अध्यात्माची ओढ लागली आहे. ती ज्या वर्गास जाते तेथें असें शिकविण्यांत येतें कीं, साधक जागृत होऊं लागला म्हणजे त्याच्या भोवतीं एक नाजूक तेजोवलय उमलतें. दुःखी, रडकीं, ‘खालच्या पातळीवरचीं’ माणसें त्यांतील ऊर्जा शोषून घेतात. सबब अशांचा संपर्क तोडावा. “सर, ज्ञानेश्वरींत आणि महानुभावांच्या ग्रंथांतसुद्धां एकांतच सांगितला आहे ना?” असें तिनें विचारलें. खरा प्रश्न मावशीचा होता. विचारला गेला तो ग्रंथांचा. ग्रंथांविषयीं विचारलें असतां उत्तर देणें हा तर आमचा धंदाच.

प्रथम तिच्या बाजूचें जें आहे तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. एकांत सांगितला आहे, आणि तो अत्यंत कडकपणें सांगितला आहे. सूत्रपाठाच्या आचारप्रकरणांत स्वदेश, स्वग्राम आणि विशेषेंकरून स्वजन यांचा संबंध सोडण्याची आज्ञा आहे. देशाच्या शेवटाला, झाडातळीं राहून आयुष्य वेंचावें असें सांगणारा हा पंथ आहे. स्वजनांत मावशी येत नाहीं असें कोण म्हणेल? परंतु वाचकानें येथें थोडें थांबून पाहावें. ज्याला ही आज्ञा आहे तो घर, गांव, मिळकत, मानमरातब, उद्यांच्या भाकरीची खात्री, सारें सोडून निघालेला आहे. स्वजन सोडावयाचे ते हीन म्हणून नव्हेत; ते प्रिय आहेत, त्यांच्या ठिकाणीं जीव गुंतलेला आहे, म्हणून. आमच्या विद्यार्थिनीच्या यादींत मात्र नवरा, मुलें, बंगला आणि मैत्रिणी यांपैकीं कोणीच नव्हतें. संन्यास घ्यावयाचा तर तो सर्वस्वाचा. केवळ मावशीचा संन्यास कोणत्याच पंथानें सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

मग ही कल्पना आली कोठून? तेजोवलय हा शब्द संस्कृत असला तरी त्यामागील सध्यांचा अर्थ बराचसा विलायती आहे. १८७५ सालीं न्यूयॉर्कांत थिऑसॉफिकल सोसायटी निघाली, १८८२ त तिचें ठाणें मद्रासेजवळ अड्यारला आलें, आणि १९०२ सालीं लेडबीटर यांनीं माणसाच्या भोवतालच्या वलयांचीं रंगीत चित्रें छापून राग कोणत्या रंगाचा आणि भक्ति कोणत्या रंगाची तें ठरवून दिलें. डायन फॉर्च्यून या इंग्रज बाईंचें परकीय मनांच्या हल्ल्यापासून स्वतःचा बचाव कसा करावा हें सांगणारें पुस्तक १९३० चें. हें सारें आम्ही तिरस्कारानें सांगत नाहीं. थिऑसॉफीनें या देशांत चांगलींही कामें केलीं आहेत. पण जी वस्तु समुद्रापलीकडून येऊन, येथील शब्द पांघरून, आपल्या आजीची म्हणून आपल्याच हातीं परत दिली जाते, तिच्या गांवाची चौकशी केलेली बरी.

आतां ‘एकांका’कडे वळूं. म्हाइंभटांच्या या तेराव्या शतकांतील ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. हरि नारायण नेने यांनीं १९३० नंतरच्या दशकांत नागपुराहून तो छापण्यास आरंभ केला आणि डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित प्रत १९७८ सालीं निघाली, हें आम्हां वऱ्हाड-नागपूरकरांस विशेष अभिमानाचें आहे. शिष्यपरिवार जमण्यापूर्वीं चक्रधरस्वामी एकटेच हिंडत होते, त्या काळाच्या लीळा म्हणजे एकांक. सातपुड्याच्या कुशींत सालबर्डीच्या डोंगरावर त्यांनीं बारा वर्षें काढलीं असें परंपरा सांगते. एकांताचा याहून मोठा नमुना मराठींत नाहीं. आणि तरी हा भाग वाचतांना मनावर ठसा उमटतो तो माणसांचाच! आमच्याच भंडाऱ्याचा नीळभट्ट भांडारेकार येथेंच भेटतो. (देहूजवळच्या तुकोबांच्या भंडारा डोंगराशीं आमच्या गांवाचा नांवापलीकडे संबंध नाहीं, पाहुणे तसें विचारतात म्हणून सांगितलें.) अरण्यांत झाडाखालीं बसलेल्या स्वामींच्या गुडघ्याखालीं कुत्र्यांनीं पाठलाग केलेला एक ससा येऊन लपतो. मागून पारधी येतात आणि आपली शिकार मागतात. येथें वलयवादी साधकानें काय करावें? भयानें थरथरणारा प्राणी आणि क्रोधानें तापलेले पारधी, दोन्ही ‘खालच्या पातळी’चेच! स्वामी सशाला ढकलीत नाहींत आणि पारध्यांसही हांकलून लावीत नाहींत. ते त्यांच्याशीं बोलत बसतात आणि अखेर ससा वांचतो. ज्याच्या एकांतांत ससा शिरूं शकतो तो एकांत कुंपणाचा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट भिक्षेची आहे, आणि तिच्याकडे टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. महानुभाव भिक्षूस चारी वर्णांच्या घरीं भिक्षा मागण्याची आज्ञा आहे. म्हणजे सकाळीं जो झाडातळीं एकटा बसला, तोच कांहीं वेळानें झोळी घेऊन कुणब्याच्या, तेल्याच्या, ब्राह्मणाच्या दारांत उभा राहणार. तेथें कोणी शिवी देईल, कोणी शिळें वाढील, कोणी आपलें रडगाणें सांगेल. चांगल्या ‘पातळी’चें दार निवडण्याची त्याला मुभा नाहीं. याच जिल्ह्यांतील पवनीस १९६९-७० च्या उत्खननांत जो प्राचीन स्तूप उघडा झाला, तेथल्या भिक्षूंचाही हाच क्रम असला पाहिजे. पावसाळ्याचे महिने एका ठिकाणीं वास, पण अन्न गांवाचेंच. आमच्या परंपरेंतील एकांत गांवाच्या भाकरीवर जगलेला आहे.

ज्ञानेश्वरीचें प्रमाण तर मोजून दाखवितां येईल. तेराव्या अध्यायांत ज्ञानाचीं लक्षणें सांगतांना एकांताची आवड आणि जनसमुदायाचा कंटाळा हीं येतात खरीं. परंतु त्यांस मिळालेल्या ओव्या मोजक्या आहेत. त्याच मालिकेंत आधीं येणाऱ्या अहिंसेवर मात्र शंभराहून अधिक ओव्या खर्ची पडल्या आहेत: पाऊल कसें टाकावें, शब्द कसा उच्चारावा, दृष्टि कोणावर कशी ठेवावी, हात कसा उचलावा. चालतांना पायाखालीं जीव चिरडेल, बोलतांना कोणाचें मन दुखावेल, याची ज्ञानेश्वरांच्या ज्ञानी पुरुषास सतत धास्ती आहे. दुसऱ्यापासून मला काय होईल, या प्रश्नानें तो व्याकुळ झालेला दिसत नाहीं. माझ्यापासून दुसऱ्यास काय होईल, यानें होतो. ग्रंथांतील एक विशेषण उचलून त्यावर जीवनक्रम उभारणाऱ्यांनीं निदान ओव्यांची मोजदाद करावी.

खरें सांगावयाचें तर ही नवी शिकवण आम्हांस परकी वाटली नाहींच; ती फार ओळखीची वाटली. आमच्या लहानपणीं घरांत मुकटा नेसलेल्या आजीच्या भोवतींही असेंच एक अदृश्य वलय असे. आम्ही तिला शिवलों कीं तें बिघडे. तें पोरांचें कौतुक होतें. पण त्याच वलयानें चोखोबांस पंढरीच्या देवळाबाहेर ठेवलें, आणि त्यांची समाधिही बाहेरच झाली. ज्या समाजांत माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला, तेथें ‘अमक्या माणसाजवळ बसल्यानें माझी शक्ति घटते’ हें वाक्य निरुपद्रवी राहूं शकत नाहीं. चक्रधरांनीं स्त्रियांच्या मासिक विटाळाची गणना नाकांतील शेंबडासारख्या शरीरधर्मांत केली आणि विषय संपविला. ते ज्या सोवळ्यावर उठले, तेंच त्यांच्या एकांताचें नांव घेऊन पुन्हां घरांत येत असेल तर टीकाकारानें गप्प बसूं नये.

येथें एका आक्षेपास जागा ठेवणें आम्हांस भाग आहे. माणूस माणसास खरोखर शोषतो. तें वलयाच्या रंगांवरून कळत नाहीं, पाठीवरच्या वळांवरून कळतें. बहिणाबाईंनीं (१६२८–१७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याच्या माराची हकीकत स्वतः नोंदविली आहे. तुकोबांच्या ठिकाणीं मन गुंतलें हा तिचा अपराध, आणि पुढें देहूस गेल्यावर मंबाजीचा छळ निराळाच. त्या बाईस कोणी एक वेगळी खोली आणि आंतून लावावयाची कडी दिली असती तर आम्ही तिला धन्यवादच दिले असते. मारणाऱ्यापासून दूर होणें यास अध्यात्माच्या परवानगीची गरज नाहीं. परंतु बहिणाबाईंचा नवरा आणि साकोलीची मावशी यांस एकाच ‘शोषक’ वर्गांत बसविणारें तत्त्वज्ञान दोघांवरही अन्याय करतें, आणि त्यांत बहिणाबाईंवर अधिक.

विद्यार्थिनीस हें सगळें एका बैठकींत सांगतां आलें नाहीं. तिनें ऐकून घेतलें, चहा घेतला, आणि शेवटीं विचारलें, “मग सर, एकांकांतल्या गोष्टी लिहिल्या कोणी? तेव्हां तर स्वामींजवळ कोणी नव्हतें.” प्रश्न उत्तम होता; वर्गांत असतांना तिनें असा प्रश्न कधीं विचारला नव्हता. त्याचें उत्तर परंपरेनें देऊन ठेविलें आहे: पुढें शिष्य जमल्यावर स्वामींनीं त्या गोष्टी स्वतःच त्यांना सांगितल्या. महदाइसेसारख्या म्हाताऱ्या भोवतीं बसत, एकामागून एक प्रश्न विचारीत, आणि बारा वर्षें डोंगरावर राहिलेला तो पुरुष त्यांस उत्तरें देत असे. म्हाइंभटांनीं गोळा केलें तें या म्हाताऱ्यांचें आणि इतरांचें ऐकलेलें. हें मी सांगत असतांनाच तिचा फोन वाजला. साकोलीचा होता. ती उठून व्हरांड्यांत गेली आणि बराच वेळ आंत आली नाहीं.