गुण आला, पण कशाने?

दोन्ही कानांच्या किंचित पुढे बोटे टेकवा आणि तोंड सावकाश उघडून मिटा. बोटांखाली जे सरकते ते खालच्या जबड्याचे टोक. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. दोन हाडांमध्ये एक लहानशी तंतुमय चकती असते. तो दुखू लागला की घास चावणे नकोसे होते, आणि शिक्षकाला तर तास घेणेही अवघड. अशा वेळी ‘एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हा’ असे कोणी म्हटले तर मोह पडणारच.

या इंजेक्शनांचे प्रकार अनेक आहेत. सांध्यात सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड किंवा वंगणासाठी हायालुरोनिक आम्ल देतात. चावण्याच्या स्नायूंत बोट्युलिनम विष टोचतात. ते चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. दोन सुया घालून सांधा सलाइनने धुण्याची पद्धतही १९९० च्या दशकात रूढ झाली. प्रत्येकामागचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. आमचा आक्षेप आहे तो स्पष्टीकरणालाच पुरावा मानण्यावर.

समजा, शंभर जणांना इंजेक्शन दिले आणि तीन महिन्यांनी सत्तर जणांना बरे वाटले. मग सत्तर जण इंजेक्शनाने बरे झाले असे म्हणावे का? हे दुखणे चढते-उतरते, आणि माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा ते चढलेले असताना. पुढे ते आपोआपही उतरते. उपचार झाला या विश्वासानेही आराम वाटतो. शिवाय त्याच काळात रुग्ण मऊ अन्न खातो, दात आवळणे टाळतो. तेव्हा तुलनेसाठी नुसते सलाइन टोचलेले आणखी शंभर जण हवेत. येथेही पेच आहेच: सांधा सलाइनने धुणे हाच एक उपचार असेल, तर सांध्यात टोचलेल्या सलाइनला निष्क्रिय कसे मानायचे?

२०२३ च्या डिसेंबरात ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तीन महिने किंवा अधिक टिकलेल्या अशा दुखण्याविषयी मार्गदर्शक शिफारशी आल्या. त्यांच्या आधारासाठी १५३ चाचण्यांतील ८७१३ रुग्णांची माहिती एकत्र तपासली होती. जोरदार शिफारस झाली ती जबड्याचे व्यायाम, हातांनी केलेले उपचार, वर्तनोपचार आणि रुग्णाला नीट समजावून धीर देणे यांची. स्टेरॉइड, हायालुरोनिक आम्ल, बोट्युलिनम आणि सांधा धुणे यांच्या विरोधात सशर्त शिफारस झाली. सशर्त म्हणजे बंदी नव्हे. पुराव्याची खात्री कमी आहे आणि माहिती मिळाल्यावर बहुतेक रुग्ण हा उपचार निवडणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय स्नायूंचे दुखणे, चकती सरकणे आणि सांध्याची झीज असे निरनिराळे विकार एकाच नावाखाली येतात, त्यामुळे एखाद्या रुग्णाचा निर्णय वेगळा असू शकतो. तो निर्णय त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

‘करून पाहायला काय हरकत आहे?’ असे कोणी विचारील. हरकत आहे. स्टेरॉइड वारंवार दिल्यास कूर्चेला इजा पोचू शकते. बोट्युलिनमने स्नायू रोडावतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत जबड्याचे हाडही विरळ झालेले दिसले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत या चकतीऐवजी टेफ्लॉनयुक्त रोपण बसवत असत. कल्पना सुबक होती. पण चावण्याच्या दाबाने त्याचे कण सुटले, शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला आणि कित्येकांच्या जबड्याचे हाड झिजले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते बाजारातून काढावे लागले.

वर्गात कोणी ‘अमुक औषधाने गुण आला’ असे सांगितले, तर त्याला खोटे ठरवू नका. ज्यांनी ते घेतले नाही त्यांचे काय झाले, एवढेच विचारा.