नाचणारी अक्षरे

आमीर खान यांचा ‘तारे ज़मीन पर’ (२००७) पाहताना डोळे पुसले नाहीत असा प्रेक्षक विरळाच. अमोल गुप्ते यांच्या पटकथेतले सर्वांत सरस स्थळ ईशानच्या घरी येते. मुलगा आळशी आणि खोडसाळ, हे बापाचे पालुपद. निकुंभ मास्तर परक्या लिपीत छापलेले एक खोके उचलून त्याच्यापुढे धरतात आणि म्हणतात, वाचा! बापाला एक अक्षर लागत नाही. डिस्लेक्सियावरच्या दहा व्याख्यानांचे काम त्या खोक्याने केले आहे.

गफलत आहे ती दुसरीकडे. ईशानला अक्षरे नाचताना दिसतात, आणि पडद्यावर ती खरोखरच वळवळतात. दृश्य मोठे देखणे. पण पाहणाऱ्याला वाटते, दोष नजरेचा. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशा एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनीही ‘शब्दांधता’ असेच नाव दिले होते. पुढच्या संशोधनाने निराळे सांगितले. अशा बहुतेक मुलांची नजर चांगली असते. त्यांना जड जाते ते शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणे. ‘सकाळ’मधला ‘स’ काढला तर काय उरते, या प्रश्नाशीच ती अडखळतात. मेंदूच्या डाव्या अर्धातल्या, हे काम करणाऱ्या जागा वाचताना त्यांच्यात कमी चेतलेल्या आढळतात.

यावर उपाय एकच, चिकाटीचा सराव. बोलपटात तो वाळूत गिरवून, मातीची अक्षरे करून काही मिनिटांतच उरकतो. त्याला आणखी दहा मिनिटे दिली असती, तर शेवटचा चित्रस्पर्धेचा सोहळा आखूड करावा लागला असता. मला ते चालले असते.