लोककलेला हवी शंभर माणसांची खोली

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या साध्या शनिवारी, म्हणजे जत्रा नाही, जयंती नाही, महोत्सव नाही अशा संध्याकाळी, भारूड किंवा गोंधळ निवांत बसून ऐकायचा म्हटला तर जायचे कुठे? या प्रश्नाला आज खात्रीचे उत्तर नाही. ज्या शहराच्या आसपास लोककलांची एवढी श्रीमंती आहे, त्या शहराला हे शोभत नाही.

शहरातून दक्षिणेला निघावे तर पैठण. सोळाव्या शतकात एकनाथांनी तिथे वासुदेव, जोशी, वेडी, विंचू अशा सोंगांच्या तोंडी अध्यात्म घातले. पश्चिमेला देवगिरीचा किल्ला. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने तिथे ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला आणि प्रदेशाप्रदेशात लोकांचे मन रमवणाऱ्या ‘देशी’ संगीताची सविस्तर दखल घेतली. तिथून थोडे पुढे खुलताबाद, चिश्ती संतांचे आणि उरुसातल्या कव्वालीचे गाव. खुद्द शहरात नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले आणि त्याच्या भोवतीने भीमगीतांची, आंबेडकरी जलशांची पिढी घडली. कलावंत आजही आहेत, त्यांना ऐकणारे कानही आहेत. त्यांची गाठ पडण्याची जागा मात्र राहिलेली नाही.

गाणे ऐकण्याच्या, म्हणजे समाच्या, तीन अटी सूफी परंपरेने घातल्या आहेत: वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी आणि सोबतीला बसलेली माणसे योग्य हवीत. खुलताबादचे बुऱ्हानुद्दीन गरीब या समाचे मोठे चाहते होते. त्या अटी साधकांच्या बैठकीसाठी होत्या, हे खरे. तरी मराठवाड्यातल्या लोककलेची आजची अवस्था तपासायला याहून नेमके माप मला सापडलेले नाही.

आधी जागेचे पाहू. गोंधळ हा घरचा कुळाचार. लग्नानंतर अंगणात चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची. मग नायक देवदेवतांना आवाहन करतो, आख्यान लावतो, साथीदार मध्येच शंका काढून त्याला अडवतो. तुळजाभवानीचे कदमराई असोत वा माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, त्यांची सगळी कला या अंगणाच्या मापाने घडली आहे. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ मोठमोठ्या मंचांवर नेला, त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण मंचावर जाताना गोंधळाचे काय हरवते, हे समोर बसून ऐकले की कळते. संबळाच्या दोन भांड्यांपैकी एक चढ्या आवाजाचे, दुसरे घुमणारे. मैदानातल्या कार्यक्रमात दोन्हींसमोर एकच माईक लावला जातो. चढा आवाज कर्ण्यातून कानावर आदळतो, घुमारा मात्र जिरून जातो. तुणतुण्याची गत त्याहून वाईट. एका तारेचे हे वाद्य गायकाला सूर पुरवते, लय धरून ठेवते. मैदानात ते केवळ हातात दिसते. बंद खोलीत माईकशिवाय तीच तार छेडली की पहिल्या कडव्याआधीच कान जागे होतात, आणि नायकाचा आवाज तिच्यावर कसा टेकून उभा आहे तेही ऐकू येते.

भारुडाला तर अंतर सोसतच नाही. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्यांनी ‘बुरगुंडा’ हे भारूड घरोघर पोहोचवले आणि त्यांची घेरदार पोशाखातली गिरकी लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिली. पण भारुडाचा जीव गिरकी थांबल्यानंतरच्या क्षणात असतो. सोंगाडी पुढच्या रांगेतल्या एकाकडे बोट दाखवतो, त्याच्या दारूचे विचारतो, सुनेचे विचारतो, बांधावरच्या भांडणाचे विचारतो. माणूस ओशाळतो, शेजारचे हसतात, आणि त्या हसण्याचाच धागा धरून पुढचे कडवे निघते. हजार खुर्च्यांपुढे हे करायला गेले की सोंगाडी विनोदी नट होतो आणि ओशाळणारा माणूस उरतच नाही. नाथांच्या भारुडाचे काम होते समोरच्याच्या मनाला हात घालण्याचे; ते मग राहून जाते.

शहरात सभागृहे आहेत. संत एकनाथ रंगमंदिर आहे, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह आहे, एमजीएमचे रुक्मिणी सभागृह आहे. सोनेरी महालाच्या प्रांगणात भरणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या साऱ्यांची गरज आहेच. पण ती मोठ्या नाटकासाठी, मोठ्या मैफलीसाठी. याच शहरातल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले लक्ष्मण देशपांडे एकट्याने, एका उपरण्याच्या बळावर, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली ५२ पात्रे उभी करत. १९७९ पासून तो प्रयोग जगभर फिरला. एक माणूस, अंगावर साधे कपडे आणि गावाकडची बोली एवढ्यावर श्रोते खिळून राहतात, याचा पुरावा शहराला तेव्हाच मिळाला होता. त्या पुराव्याला साजेशी छोटी जागा मात्र आपण बांधली नाही.

आता वेळ. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने मध्यमवर्गाला लोककलांची ओळख करून दिली, हे ऋण मोठे आहे. पण त्या यशातून पुढे एक साचा तयार झाला. एक गोंधळ, एक वासुदेव, एक कोळीगीत, एक लावणी. प्रत्येकाला चार-पाच मिनिटे, वेशभूषा झगमगीत, शेवटी सगळे एकत्र नाचणार. शाळेच्या संमेलनापासून सरकारी महोत्सवापर्यंत आज हाच साचा चालतो. यात आख्यान मरते. गोंधळात आधी गण आणि आवाहन, मग कथा आणि कथेच्या पोटात उपकथा असते. तिला चढायला वेळ लागतो. जागरणातला वाघ्या दिमडीवर पहिला तास नुसती हवा तापवत असतो. त्याला पाच मिनिटे द्यायची म्हणजे त्याला सुरुवातच करू न देता उठवायचे. आज कोणी रात्रभर बसणार नाही, हे मान्य. पण दीड तासात एक आख्यान नीट लागू शकते. मोठ्या महोत्सवाच्या वेळापत्रकात तेवढी सलग जागा लोककलेला क्वचितच मिळते.

तिसरी अट सोबत्यांची, आणि इथे या शहरासमोरचे आव्हान सर्वांत मोठे आहे. सिराज औरंगाबादींची गझल उपखंडातले कव्वाल आजही गातात. वज्द, बशर नवाज यांच्यासारख्या शायरांनी इथल्या मुशायऱ्यांत जाणकार श्रोता घडवला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांवर वाढलेला, शब्दाशब्दाला दाद देणारा श्रोता वस्तीवस्तीत आहे. वारकरी घरांतला श्रोता भारुडातली खोच क्षणात पकडतो. हे तीनही श्रोते तयारीचे आहेत, पण ते एका छताखाली येत नाहीत. प्रत्येकाचा मंच वेगळा, तारीख वेगळी, मोहल्ला वेगळा. कला मात्र केव्हाच एकमेकींकडे जाऊन आल्या आहेत. भीमगीतांनी कव्वालीचा सवाल-जवाब आपलासा केला, कव्वालीतली टाळी उचलली. एकाच खोलीत एकदा कव्वाली आणि पुढे कधी भीमगीतांचा सामना ऐकला तर ही देवाणघेवाण कोणालाही व्याख्यानाशिवाय उमगेल.

म्हणूनच मला शहरातल्या नव्या कॅफेंकडे आशेने पाहावेसे वाटते. निराला बाजार, कॅनॉट या भागांत तरुण मंडळी कॉफीच्या निमित्ताने जमतात, ओपन माईकवर गातात, कविता वाचतात. या मुलांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाचे शब्द जवळून ऐकण्याची सवय तिथेच पुन्हा रुजते आहे. उणीव आहे ती आशयात. लोकगीत आलेच तर ते बहुधा गिटारच्या तीन-चार कॉर्डवर बसवलेले असते. चालीतली आडवळणे सरळ होतात, ठेक्याची लचक जाते, आणि ज्या घरातून ते गाणे आले त्या घरातला कलावंत खोलीत नसतोच. शिवाय गाणे चालू असताना मिक्सर फिरत राहतो, ऑर्डरची हाक येत राहते. अशाने ऐकण्याची शिस्त कशी लागणार?

कॉफीच्या घरात कला वाढते, हे जगाने पाहिले आहे. इराणमधल्या कहवाखान्यांत नक्काल शाहनाम्याच्या कथा सांगत; ती परंपरा क्षीण होत गेली आणि २०११ मध्ये युनेस्कोने तिला तातडीने जपायच्या वारशात घेतले. अमेरिकेत सॅराटोगा स्प्रिंग्ज या छोट्या गावात १९६० मध्ये कॅफे लीना सुरू झाला. बॉब डिलन नवखा असताना तिथे गायला, आणि मालकीणबाईंच्या मृत्यूनंतरही लोकांनी ती जागा ना-नफा संस्था करून चालू ठेवली. लिस्बनच्या फाडो गायनाच्या घरांत गाणे सुरू झाले की दिवे मंद होतात, वाढपी थांबतो, माईक नसतो, बोलणाऱ्याला गप्प केले जाते. या उदाहरणांतून घेण्यासारखे एवढेच, की जागा छोटी असली तरी गाण्याला मान देणारे नियम मोठे लागतात.

आता पैशाचे. हा विषय टाळून लोककलेवर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोंधळी, वाघ्या, पोतराज, जोगती यांच्या वाट्याला कला जन्माने किंवा नवसाने आली आणि तिच्यासोबत दारोदार मागणेही आले. या घरांतली शिकलेली मुले परंपरेकडे पाठ फिरवतात तेव्हा ती अपमानाकडे पाठ फिरवत असतात. त्यांना ‘वारसा जपा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, जोवर त्या वारशाची बिदागी आपण मानाने देत नाही. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन मिळते. ते उतारवयाचा आधार झाले, कलेचा मोबदला नव्हे. छोट्या खोलीचा हिशेब साधा आहे. ८० श्रोते, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे १६,००० रुपये. त्यातले १२,००० चार जणांच्या मेळाला द्यावेत, उरलेले जागेला. कॉफीची विक्री कॅफेची. रक्कम मोठी नाही, पण ती तिकिटाची आहे. ती ठरलेली आहे, आगाऊ सांगितलेली आहे आणि तिच्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. लग्नसराईत सुपारी मिळते, एरवी मिळत नाही, अशा कलावंताला महिन्याकाठचा असा एक खात्रीचा कार्यक्रम परंपरेत टिकवून धरू शकतो.

अभ्यासाच्या बाजूने शहर कधीच गरीब नव्हते. डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या आणि लोकरंगभूमीच्या अभ्यासाचा पाया इथे बसून घातला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाचा अभ्यास आणि प्रत्यक्ष रंगकर्म एकत्र आणले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या महागामी या शास्त्रीय नृत्याच्या गुरुकुलाने शारंगदेवाच्या नावाचा समारोह चालवून दाखवून दिले, की सातत्य ठेवले तर या शहरात शांतपणे ऐकणारा, पाहणारा प्रेक्षक तयार होतो. शास्त्रीय कलेला जे मिळाले ते देशीला का मिळू नये? ज्या ग्रंथकाराचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यानेच दोन्हींना एका ग्रंथात स्थान दिले होते.

तेव्हा मागणी नेमकी करतो. नव्या सभागृहाची घोषणा नको. एका कॅफेने महिन्यातला एक शनिवार द्यावा. नाट्यशास्त्र विभागाने कलावंत निवडावेत, आख्यानाआधी पाच मिनिटे त्याची ओळख करून द्यावी आणि प्रत्येक प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कलावंताच्या संमतीने जपावे. एका संध्याकाळी एकच मेळ, पूर्ण दीड तास, माईकशिवाय. गाणे चालू असताना स्वयंपाकघर बंद. बिदागी आधी ठरलेली आणि त्याच रात्री हातात. गोंधळानंतर कव्वाली, कव्वालीनंतर भारूड, भारुडानंतर भीमगीते, असे वर्ष फिरावे. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या राहतील. तरी तारीख चुकवू नये. बारा शनिवार सलग झाले, तर या शहराला पैठण, खुलताबाद आणि नागसेनवन पहिल्यांदा शेजारी शेजारी बसून ऐकता येतील, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गोंधळ्याच्या मुलीला आपल्या बापाची कला तिकीट काढून आलेल्या माणसांत बसून पाहता येईल.